जुळे सोलापुरात राखाडी छातीचा पोपट, कोणी पाहिलाय का?

नमस्कार मंडळी. काल आपल्याकडे चक्क दिवसभर भुरभुर पाऊस! दुर्बीण घेऊन जुळे सोलापुरातच फिरलो. कडुनिंबावर नेहमीच्या पोपटांचा थवा निंबोळ्या खात होता. त्यात एक वेगळाच: कपाळ, गाल, छाती राखाडी, चोच फिकट, गळ्याला कंठ नाही. आपल्या पोपटाच्या मादीलाही कंठ नसतो, पण चोच लालच असते ना! मला तो दक्षिण अमेरिकेतला मंक पॅराकीट वाटतोय, पाळणारे ज्याला क्वेकर म्हणतात तो. पिंजऱ्यातून सुटला असणार. फोटो धूसर आलाय.

विजापूर रोड, आसरा भागात कोणाला दिसला का? काड्या नेताना दिसला तर नक्की कळवा. आपले पोपट ढोलीत राहतात, हा काड्यांचं घरटं बांधतो. कोणाचा पाळीव हरवला असेल तर त्यांनाही सांगा.