किलर व्हेलचं घर 'सगळे महासागर'? मला नाही पटत

निळाई:
किलर व्हेल (ऑर्का) कुठे राहतो, तर उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत सगळीकडे, हे ठरलेलं उत्तर. नकाशापुरतं ते खरं आहे. पण अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पाचे ऑर्का लाटेवर स्वार होऊन थेट किनाऱ्यावर चढतात, सी लायनचं पिल्लू तोंडात धरतात आणि अंगाला हिसके देत पाण्यात परततात. नॉर्वेतले हेरिंगचा थवा गोल गोल घेरून शेपटीच्या फटक्याने मासे बधिर करतात. ही विद्या घरच्या मोठ्यांकडून मिळते आणि त्या त्या पाण्यातच उपयोगी पडते. त्यांचं घर तेवढंच. 'सगळीकडे राहतो' म्हटलं की 'इथून हुसकला तर दुसरीकडे जाईल' म्हणायला लोक मोकळे!

खलाशी:
साफ असहमत. अंटार्क्टिकाचे काही ऑर्का ब्राझीलजवळच्या उबदार पाण्यापर्यंत जाऊन येतात. उपग्रहाची खूण लावलेल्या एकाने 42 दिवसांत सुमारे 9,400 किलोमीटर अंतर कापलं. बर्फ कमी झाला तसे ते हडसनच्या उपसागरातही जास्त दिसू लागलेत. इतक्या जुळवून घेणाऱ्या प्राण्याला एका खाडीत कसं बांधता?

निळाई:
अहो, पण तो परत कुठे आला? त्याच बर्फाकडे! ती वारी बहुधा कातडी बदलण्यासाठी असते, असं संशोधकांचं म्हणणं आहे. आणि अमेरिका-कॅनडामधला सॅलिश समुद्र बघा. तिथल्या 'सदर्न रेसिडेंट' कुटुंबांत आता जेमतेम पंच्याहत्तरच्या आसपास जीव उरलेत. त्यांचं मुख्य अन्न चिनूक सॅमन हा मासा, आणि तोच आटलाय. बाजूने सील पोहत जातात, पण हे त्यांना खात नाहीत.

खलाशी:
मग त्याच पाण्यात सील खाणारे 'बिग्ज' ऑर्का वाढताहेत, त्याचं काय? म्हणजे पाणी चांगलं आहे, खोड खाण्याच्या सवयीत आहे.

ध्वनीलहर:
खलाशी, इथे आवाजाचा मुद्दा सुटतोय. बिग्ज शिकार करताना बहुतेक गप्प असतात, कारण सीलला ऐकू येतं. सॅमन खाणारे मात्र टिकटिक आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासा शोधतात. वरून जहाज गेलं की तो प्रतिध्वनी गोंगाटात बुडतो. पाणी एकच असलं तरी एकाला चालतं ते दुसऱ्याला आंधळं करतं.

खलाशी:
हे मान्य. तरी निळाईंच्या आखीव 'घरा'वर माझा आक्षेप कायम आहे. चिनूक जन्मतो फ्रेझर, कोलंबियासारख्या नद्यांत. समुद्राचा तुकडा राखून काय होणार?

निळाई:
मग नदीही त्यांच्या घरात धरा, माझी ना नाही. वॉशिंग्टनमधल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये पाडली, आणि शंभर वर्षं अडलेला चिनूक पुन्हा वरच्या पाण्यात अंडी घालायला जाऊ लागला. तिथे ऑर्का कधीच पोहणार नाही, पण त्याचा घास तिथेच तयार होतो.