सीमेपलीकडे जाणारी तेलाची लाइन: इंजिनिअरिंग सोपं, सातबारा अवघड

जळगावचा_पाइपवाला
युगांडातून टांझानियाच्या किनाऱ्यापर्यंत कच्च्या तेलाची जी लाइन टाकताय, ईकॉप म्हणतात तिला, तिच्यावरून सगळीकडे बोंबाबोंब वाचून राहिलो. बंद करा, थांबवा, आफ्रिका लुटताय वगैरे. माझं मत उलटं आहे, लाइन व्हायलाच पाहिजे. का ते सांगतो, मग घाला शिव्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युगांडाला समुद्र नाही. २००६ मध्ये अल्बर्ट सरोवराजवळ तेल सापडलं, काढता येईल असं साधारण १४० कोटी बॅरल. तेल आपल्या जमिनीत आणि बंदर दुसऱ्याच्या देशात. होइमापासून टांगा बंदरापर्यंत १४४३ किमी, त्यातले फक्त २९६ युगांडात, बाकी सगळे टांझानियात. जळगावहून निघालो तर दिल्लीच्याही बरंच पुढे जाऊ इतकी लांबी. वर हे तेल मेणचट, साध्या टेंपरेचरला गोठतं, म्हणून २४ इंची पाइपाला फोमचं इन्सुलेशन, सोबत हीटिंग केबल, आणि समुद्रापर्यंत तेल ५० डिग्रीच्या वर ठेवायचं. हे ऐकून लोकांना अशक्य वाटतं, पण आपल्याच राजस्थानात बाडमेरचं तेल असंच मेणचट आहे आणि तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किमीची गरम लाइन वर्षानुवर्षं चालू आहे. त्यामुळे "हे होणारच नाही" हा मुद्दा बाद.

दुसरं, लाइन नको तर मग काय? पूर्ण जोरात दिवसाला २ लाख ४६ हजार बॅरल तेल जाणार. आपल्या रस्त्यावरच्या २४ हजार लिटरच्या टँकरमध्ये ते भरलं तर रोज दीड हजाराच्या वर टँकर लागतील, तेवढेच रिकामे परत येतील. आपल्या धुळे-जळगाव हायवेवर हे चित्र डोळ्यासमोर आणा. जमिनीखाली गाडलेला पाइप केव्हाही बरा.

तापीकाठचा_केळीवाला
दादा, पाइप गाडलेला बरा हे तुम्ही म्हणणारच, तुमचा धंदाच पाइपचा. ज्याच्या वावरात गाडलाय त्याला विचारा.

युगांडात ही लाइन दहा जिल्ह्यांतून जाते. खालच्या बाजूला क्योटेरा, राकाई, ल्वेंगो वगैरे भाग आहे, तो केळी आणि कॉफीचा. म्हणजे आपल्यासारखाच माणूस. तिथं झालं काय तर २०१८-१९ मध्ये मोजणी झाली, झाडं मोजली, कट-ऑफ तारीख ठरली आणि लोकांना सांगितलं की आता या पट्ट्यात नवीन बारमाही पीक लावू नका, लावलं तर त्याचे पैसे मिळणार नाहीत. पैसे कधी आले? बऱ्याच जणांना तीन-तीन, चार-चार वर्षांनी. ह्यूमन राइट्स वॉचने २०२३ मध्ये यावर अख्खा रिपोर्ट काढलाय. आता केळीवाल्याला तीन वर्षं लावू नको म्हणणं म्हणजे काय ते रावेर-यावलच्या कुणालाही विचारा. मृग बाग गेली, कांदे बाग गेली, पीलबागेचा तर विषयच नाही. घर चालवायचं कशावर, पोरांच्या फिया भरायच्या कशावर? आणि जेव्हा पैसे आले तेव्हा जुन्या भावाने, तेवढ्यात आजूबाजूच्या जमिनीचे भाव वर गेलेले.

आमच्याही शेतातून एक लाइन गेलीय. कंपनीचं नाव घेत नाही. आपल्याकडे १९६२ चा कायदा आहे, त्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क, आणि त्याबद्दल नोटीस निघाली त्या दिवसाच्या बाजारभावाच्या दहा टक्के. हो, दहाच. पिकाची नुकसानभरपाई वेगळी. बदल्यात त्या पट्ट्यात विहीर नाही, घर नाही, शेततळं नाही, झाड नाही. कायमचं. हरकत घ्यायला २१ दिवस, आणि नोटीस गावात पोचेपर्यंतच अर्धे निघून जातात. आमची ड्रिपची मेन लाइन तोडली ती जोडून द्यायला इतका वेळ लावला की त्या बाजूचा बाग वाळला.

झणझणीत_शेवभाजी
भो, तठे आग लागनी तं आठे धूर कसाले काढतस? आपलं डिझेल स्वस्त व्हई का ते सांगा पह्यले 😄

जळगावचा_पाइपवाला
@शेवभाजी नाही होणार. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, सगळं जहाजाने, दुसऱ्या देशातून आपल्याकडे येणारी कच्च्या तेलाची एकही लाइन नाही. भाव जगाच्या बाजारात ठरतो, टांगा बंदरातून निघणाऱ्या तेलाने आपल्या पंपावर काही हलणार नाही.

@केळीवाला आबा, तुमच्या ड्रिपचं वाईट झालं, पण तो कंत्राटदाराचा नालायकपणा आहे, पाइपलाइनचा नाही. मुंबईहून मनमाडमार्गे दिल्लीकडे पेट्रोल-डिझेलची लाइन आपल्या खान्देशातूनच गेलीय, तिच्यावर आज कापूस-मका पिकतो. आणि युगांडाचा कायदा आपल्यापेक्षा बरा आहे की, तिथं जमिनीच्या पैशांवर पंधरा टक्के अडचण भत्ता, सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत दिली तर तीस टक्के. उशीर झाला म्हणून कंपनीने वाढीव रक्कमही दिली. ईकॉपच्या पट्ट्यात ज्यांचं घर गेलं त्यातल्या कितीतरी जणांनी पैशांऐवजी नवीन घर घेतलं. आपल्याकडे कोणी पाइपलाइनवाल्याने घर बांधून दिलेलं ऐकलंय?

धुळेकर_मास्तर
तुमचं दोघांचं भांडण चालू द्या, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. ही लाइन दोन देशांतली आहे आणि अशी लाइन पाइप फुटल्याने बंद पडते त्यापेक्षा राजकारणाने जास्त बंद पडते.

दक्षिण सुदान बघा. २०११ ला स्वतंत्र झाला, बहुतेक तेल त्याच्याकडे आलं, पाइप आणि बंदर सुदानकडे राहिलं. भाड्यावरून वाजलं. सुदान बॅरलमागे ३६ डॉलर मागत होता. शेवटी २०१२ च्या जानेवारीत दक्षिण सुदानने स्वतःचंच उत्पादन बंद केलं, वर्षाहून जास्त, आणि देशाचं जवळपास सगळं सरकारी उत्पन्न त्याच तेलावर! नंतर सुदानात युद्ध पेटलं आणि २०२४ मध्ये युद्धाच्या भागात लाइन फुटली, दुरुस्तीला कोणी पोचू शकेना. इराकची किरकुक ते तुर्कस्तानातल्या जेहानची लाइन २०२३ च्या मार्चमध्ये लवादाच्या निकालावरून बंद झाली ती अडीच वर्षं बंद. नायजर-बेनिनची लाइन जवळपास दोन हजार किमी, नवी कोरी, तेल सुरू व्हायच्या वेळेलाच दोघांचं सीमेवरून बिनसलं. अमेरिका-कॅनडासारख्या दोस्तांचीसुद्धा तीच गत, कीस्टोन एक्सएल २००८ ला मांडली, ओबामांनी २०१५ ला नाकारली, ट्रम्पनी २०१७ ला परवानगी दिली, बायडननी २०२१ मध्ये शपथविधीच्या दिवशीच रद्द केली. कंपनीने मग हात वर केले.

म्हणून म्हणतो, युगांडाने आधी घरात रिफायनरी टाकायची होती. ६० हजार बॅरलची होइमाची रिफायनरी किती वर्षं कागदावर आहे. तेल गोठू नये म्हणून हजार किमी गरम ठेवत दुसऱ्याच्या बंदराला न्यायचं आणि मग डिझेल परत बाहेरूनच विकत घ्यायचं, हा कुठला शहाणपणा?

जळगावचा_पाइपवाला
मास्तर, उदाहरणं सगळी खरी पण निवडून वाईट घेतली. बाकू-तिबिलिसी-जेहान कुठे गेली? १७६८ किमी, अझरबैजान, जॉर्जिया, तुर्कस्तान तीन देश, २००६ पासून चालूच आहे. २००८ ला तर जॉर्जियात रशियाचं सैन्य शिरलं होतं, आणि त्याच्याच आधी तुर्कस्तानात स्फोटही झालेला. तरी लाइन परत उभी राहिली. कारण तिथे लाइन टाकायच्या आधी देशादेशांतला करार वेगळा, प्रत्येक सरकारचा कंपनीशी करार वेगळा, टॅक्स किती, भाडं किती, भांडण झालं तर कुठे जायचं, सगळं लिहून घेतलं होतं.

सुदानमध्ये फाळणी आधी झाली आणि भाडं नंतर ठरवायला बसले. ईकॉपमध्ये उलट आहे. टोटलएनर्जीज ६२ टक्के, चीनची सीनूक ८, आणि युगांडा-टांझानियाच्या सरकारी तेल कंपन्या १५-१५. म्हणजे टांझानिया भाडेकरूकडून भाडं घेणारा नुसता घरमालक नाही, भागीदार आहे. भाडं बॅरलमागे साडेबारा डॉलरच्या आसपास आधीच ठरलंय. नळ बंद केला तर त्याचंही नुकसान. केनियातल्या लामू बंदराकडे लाइन न्यायचा रस्ता २०१६ मध्ये सोडला तो याच हिशोबाने, सोमालियाजवळचा भाग, सुरक्षेची भीती.

धुळेकर_मास्तर
भागीदाराने भागीदाराचं वाटोळं केल्याच्या किती केसेस धुळे कोर्टात पडल्यात ते एकदा जाऊन बघा 😄 साडेबारा डॉलर भाडं म्हणताय, तेलाचा भाव ५० वर आला तर पाव भाग भाड्यातच गेला. मग खड्डा खणायचा खर्च, कंपनीचा वाटा, कर्जाचं व्याज. युगांडाच्या हातात काय उरतं?

शिरपूरचा_वेल्डर
मी पाइपलाइनवर काम केलंय, आखातात पण आणि इकडे पण, म्हणून दोन शब्द. शीर्षकात "इंजिनिअरिंग सोपं" लिहिलंय ते वाचून हसू आलं. एसीत बसून सोपंच असतं भाऊ.

आधी आरओयू, म्हणजे वापराच्या हक्काचा पट्टा, मोकळा करायचा, ईकॉपला कामाच्या वेळी ३० मीटरचा पट्टा आहे, मग पाइप मांडायचे, वेल्डिंग, प्रत्येक जॉइंटची एक्स-रे, कोटिंग, मग साइडबूमने, म्हणजे पाइप उचलायच्या क्रेनने, उचलून चरात सोडायचा, माती लोटायची, पाणी भरून दाबाची हायड्रोटेस्ट. साध्या लाइनला एवढं. गरम लाइनला प्रत्येक जॉइंटवर फोम परत भरावा लागतो आणि तिथं पाणी शिरलं की बाहेरून दिसतच नाही, आत गंज चालू. एक जॉइंट घाईत केला तर वीस वर्षांनी कोणीतरी भोगतो.

शेताचं खरं नुकसान कुठे होतं ते कोणी लिहिलं नाही. चर खणताना वरची काळी माती वेगळी ठेवायची आणि शेवटी वरच टाकायची असते. कागदावर सगळीकडे लिहिलेलं असतं. पावसाळा तोंडावर आला, सुपरवायझरच्या डोक्यावर किलोमीटरचं टार्गेट आलं की खालचा मुरूम आणि वरची माती एकत्र. वरून साइडबूम फिरून फिरून जमीन दगडासारखी. त्या पट्ट्यात कापूस गुडघ्याएवढा आणि बाजूला कमरेएवढा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. याचे पैसे कोणत्याच पंचनाम्यात येत नाहीत, कारण पंचनामा होतो उभ्या पिकाचा.

तरी मी लाइनच्या बाजूने. टँकरवाल्यांचे अपघात पण पाहिलेत.

अमळनेरची_ताई
सगळे पैशांवरच बोलताय. या तेलाचं पुढे काय होणार? जळणार. विरोधकांचा हिशोब आहे की जोरात चालू झाल्यावर या तेलातून वर्षाला ३ कोटी ४० लाख टन कार्बन बाहेर पडेल. लाइनचा जवळपास एक तृतीयांश भाग व्हिक्टोरिया सरोवराच्या खोऱ्यातून जातो, कोट्यवधी लोक त्या पाण्यावर. वर काही तेलविहिरी मर्चिसन फॉल्स नॅशनल पार्कात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५-४६ ला टेकतो तेव्हा ओरडणारे आपणच, आणि लाइन व्हायलाच पाहिजे म्हणणारेही आपणच. युरोपियन पार्लमेंटने २०२२ मध्ये ठराव केला, मोठमोठ्या बँकांनी हात काढून घेतले, ते काय उगाच?

जळगावचा_पाइपवाला
ताई, युरोपचं सांगूच नका. ६२ टक्क्यांची मालक कंपनी फ्रान्सची. म्हणजे नफा तुमचा आणि उपदेश पण तुमचा. स्वतः दीडशे वर्षं कोळसा-तेल जाळून झालं, आता युगांडाने कंदील लावून बसावं? बँकांनी सोडलं तर २०२५ च्या मार्चमध्ये बहुतेक आफ्रिकेतल्याच बँकांनी कर्ज दिलं. काम थांबलं नाही, नुसतं महाग झालं.

अमळनेरची_ताई
फ्रान्स ढोंगी आहे हे मान्यच, म्हणून सरोवराचं पाणी घाण झालं तरी चालेल असं होतं का? युगांडातल्या ज्या कॉलेजच्या पोरांना याविरुद्ध मोर्चा काढला म्हणून कंपालात पोलिसांनी उचललं ती काही युरोपची नव्हती.

तापीकाठचा_केळीवाला
ताईंचं बरोबर. आणि पाइपवाले दादा, तुम्ही कायदा चांगला म्हणालात म्हणून एक सांगतो. पैसे पटले नाहीत म्हणून ज्यांनी सही केली नाही त्यांचं काय झालं? २०२३ च्या डिसेंबरात होइमाच्या हायकोर्टात सरकार गेलं, ४२ कुटुंबांबद्दल, याच तेलक्षेत्राच्या जमिनीसाठी. निकाल असा की पैसे कोर्टात जमा करा आणि जमीन मोकळी करा. संपला विषय. तीन वर्षं कंपनी उशीर करते तेव्हा कोर्टाला घाई नसते.

माझी मागणी एवढीच. आधी पैसे, मग "लावू नका". उलटं नाही.

जळगावचा_पाइपवाला
आबा, ऐकायला बरोबर वाटतं पण करून दाखवा. मोजणी झाली २०१८ ला, तिन्ही बाजूंचे मुख्य करार २०२१ च्या एप्रिलमध्ये, पैसे गुंतवायचा अंतिम निर्णय २०२२ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत लाइन होईल की नाही हेच पक्कं नव्हतं. रस्ता चार ठिकाणी सरकतो. न होणाऱ्या लाइनसाठी हजारो लोकांना आधीच पैसे कोण वाटेल? कट-ऑफ लावला नाही तर रातोरात पट्ट्यात झोपड्या आणि आंब्याची रोपं उभी राहतात, हे आपल्याकडे हायवेच्या वेळी पाहिलं नाही का?

शिरपूरचा_वेल्डर
हे मात्र खरंय. एका ठिकाणी पपईची रोपं कुंडीसकट पुरलेली सापडली होती 😂

तापीकाठचा_केळीवाला
मग मोजणी उशिरा करा ना. करार झाला नाही, निर्णय झाला नाही, तर पट्टा गोठवता कशाला? नाहीतर गोठवल्या दिवसापासून दरवर्षी एका बागेचं उत्पन्न द्या, लाइन नाही झाली तर तुमचं नशीब. धंद्यात जोखीम कंपनीने घ्यायची असते, ६२ टक्के तिचे आहेत. राकाईच्या केळीवाल्याचे त्यात किती टक्के आहेत?

जळगावचा_पाइपवाला
वर्षाचं खंडासारखं देणं... हे चालू शकतं. पण मग तो खर्च भाड्यात जाणार, साडेबाराचे तेरा होतील आणि मास्तर परत ओरडतील.

धुळेकर_मास्तर
मी तसाही ओरडणारच आहे. तेरा करा पण केळीवाल्याला आधी द्या.

झणझणीत_शेवभाजी
म्हंजे डिझेल स्वस्त व्हनार नही हाई फायनल ना भो?