मदत हवी आहे: बारवेजवळील दगडी सूर्यघड्याळाबद्दल

सप्रेम नमस्कार. अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या गावात, बारवेलगतच्या ओट्यावर काळ्या पाषाणाचे एक आडवे सूर्यघड्याळ आहे. त्याची सावली पाडणारी लोखंडी पट्टी केव्हाच नाहीशी झाली असून तिची खाच तेवढी उरली आहे. तबकडीवर घटिकांच्या खुणा नसून रोमन आकडे आहेत, त्यामुळे ते निजाम राजवटीतील असावे असा माझा तर्क आहे. तीनची रेषा बाराच्या रेषेशी सुमारे १८ अंशांचा कोन करते; म्हणजे ते कोठून तरी उचलून आणलेले नसून येथील अक्षांशासाठीच, १८.७ अंशांच्या आसपास, कोरलेले दिसते.

नव्या पट्टीची तिरकी कड या अक्षांशाएवढ्याच कोनात, खऱ्या उत्तरेकडे (होकायंत्रातील नव्हे) रोखून बसवावी लागेल. ही सावली प्रमाणवेळेच्या सरासरी २४ मिनिटे मागे राहणार, हे ग्रामस्थांना पटवणे हे वेगळेच काम आहे!

माझी खरी अडचण अशी, की तबकडीवर कोणीतरी उत्साहाने फासलेला ऑइलपेंट कोरीव रेषांना इजा न होता कसा काढावा? पितळी पट्टी शिसे ओतून बसवावी की चुन्यात? आणि वास्तू संरक्षित यादीत नसल्यास परवानगी कोणाकडे मागावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.