अनुभव धागा: गोंदण, टॅटू आणि बाळंतपण

कॉलेजात हौसेनं टॅटू काढलेल्या मुली आता आई होताहेत, त्यामुळे हे प्रश्न घरोघरी निघतात. कमरेवर टॅटू असेल तर भुलेचं इंजेक्शन देतात का? पोटावरचा पसरतो का? दिवस गेलेले असताना काढला तर? सोलापुरात राहणाऱ्या आणि इथं माहेर असलेल्या मैत्रिणींनो, तुमच्या बाबतीत जे झालं तेच लिहा. ऐकीव नको, त्यानंच पहिलटकरणी घाबरतात.

जुळे सोलापूर
माझ्या कमरेवर मधोमध वेलबुट्टी आहे, लग्नाआधीची. सातव्या महिन्यात जाऊबाई म्हणाल्या, "आता तुला कमरेत सुई देत नाहीत, पूर्णच भूल द्यावी लागते." माझी झोप उडाली. डॉक्टर मॅडमनी आधीच भूलतज्ज्ञांना भेटायला लावलं. त्यांनी कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून मणके बोटानं चाचपले. वेलीच्या दोन पानांमध्ये कोरी कातडी होती, तिथं पेननं टिंब काढून नवऱ्याला दाखवलं. म्हणाले, टॅटू जुना आहे, खपली नाही, लाली नाही, काही अडचण नाही. शाईचा कण सुईबरोबर आत जाऊ नये म्हणून कोरी जागा शोधतात. ती नसेल तर कातडीला बारीकसा छेद देऊन त्यातून सुई घालतात. ताजा, न भरलेला टॅटू असता तर मात्र तिथं सुई घातली नसती. सिझेरियन कमरेखालच्या भुलेवरच झालं. टॅटू असेल तर हे आधीच सांगा, ऐन कळांमध्ये नको.

अशोक चौक
आमच्याकडं संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला जायचंच. होम मैदानाच्या कडेला गोंदणारा बसला होता, धाकट्या बहिणीनं मनगटावर नवऱ्याचं नाव गोंदवलं. मी शेजारीच उभी होते. सगळ्यांना एकच सुई, मध्ये नुसती फडक्यानं पुसायची, आणि शाईची वाटीही एकच. पुढच्या महिन्यात कळलं की तिला तेव्हाच दिवस गेले होते. डॉक्टरांनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तिन्ही तपासण्या केल्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या, पण लगेच केलेल्या तपासणीवर निर्धास्त राहता येत नाही म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा केल्या. ते तीन महिने घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्यांदाही निगेटिव्हच. आईला हिपॅटायटिस बी निघालाच, तर बाळाला जन्मल्यापासून बारा तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन देतात, हेही तेव्हाच कळलं.

(इथं माझं मत घालते. भीती शाईपेक्षा सुईची जास्त. शाईचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो याचा फारसा अभ्यास झालेला नाही, म्हणूनही डॉक्टर थांबा म्हणतात. नऊ महिने थांबल्यानं काही अडत नाही.)

होटगी रोड
बेंबीच्या बाजूला फुलपाखरू होतं. आठव्या महिन्यात त्याचं वटवाघूळ झालं, वर खाज! नंतर बरंचसं आवळलं, पण एका पंखातून ताणाचा व्रण गेलाय तो राहिला.

विजापूर रोड
टॅटू नाही, पण सांगायलाच हवं. डोहाळजेवणाला मैत्रिणींनी पोटावर मेंदी काढली. "लगेच रंगते" म्हणून काळ्या मेंदीचा कोन आणला होता. दुसऱ्या दिवशी नक्षीच्या रेघेरेघेवर पाण्याचे फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळ्या मेंदीत केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्यानं भाजल्यासारखं होतं. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस येतो आणि चढायला वेळ घेतो. आता घरात पाल्याची वाटूनच लावतो की ओ.

अक्कलकोट रोड (नातीकडून लिहून घेतलंय)
माझ्या हातावर तुळस हाय, हनुवटीवर तीन ठिपके. मेल्यावर सोबत येतंय ते तेवढंच, म्हणून आईनं लहानपणीच गोंदवून घेतलं. लेकरं झाली घरातच, काय झालं नाही. पण पोटुशीला आमच्यात गोंदत नव्हते. अंगात कणकण येती, हात सुजतो, ते बाईनं कशाला सोसायचं म्हणून.

सात रस्ता
ही गोष्ट नवऱ्यांसाठी. मला दिवस गेल्याच्या आनंदात यांनी दंडावर बाळाच्या पावलांचा टॅटू काढला. नवव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन उतरलं, रक्त भरायचं ठरलं. हे रक्त द्यायला गेले तर रक्तपेढीनं परत पाठवलं. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान चालत नाही. शेवटी दिरांनी दिलं. मलाही तसाच काढायचाय, पण बाळ अंगावर पितंय. जखम चिघळली तर औषधं घ्यावी लागतील, म्हणून दूध सुटल्यावरच.

लेसरनं टॅटू पुसून घेताना मध्येच दिवस राहिले, असं कुणाचं झालंय का? एकीनं विचारलंय. तिच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पुढच्या बैठका बाळंतपणापर्यंत थांबवल्यात, आणि अर्धवट पुसलेलं ते अक्षर नंतर नीट जातं का, हे तिला हवंय.