मदत हवी आहे: 'बूगीपॉप' अकरावीतल्या भाचीला द्यावं का?

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा अकरावीला गेली. मैत्रिणीकडे तिने 'बूगीपॉप'ची २०१९ची अ‍ॅनिमे मालिका थोडीशी पाहिली आणि आता तिला मूळ पुस्तकं हवी आहेत. ताईने नेटवर वर्णन वाचलं: शाळेतल्या मुली गायब होतात, कोणीतरी पोरांच्या मनाचा ताबा घेतं, एक मुलगी गच्चीवरून उडी मारते. झालं, मला फोन. "तू आधी वाच आणि मग सांग द्यायचं का नाही." आमच्याकडे पुस्तकांचं खातं माझ्याकडे आहे. ताईचा नकार एकदा आला की तो परत घेतला जात नाही, म्हणून घाईने काही बोलायचं नाहीये.

पहिलं पुस्तक (इंग्रजीतून) वाचून झालं. दुसरं हातात आहे आणि तिथेच अडलेय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. जपानमध्ये 'लाइट नॉव्हेल' म्हणून खिशात मावतील अशा, मधेमधे चित्रं असलेल्या कादंबऱ्या निघतात, मुख्यतः कॉलेजच्या आसपासच्या वयासाठी. कोउहेई कादोनो या लेखकाची ही पहिलीच कादंबरी. देंगेकी या जपानी प्रकाशन-नावाच्या कादंबरी स्पर्धेत तिला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९९८ साली ती 'देंगेकी बुंको' मालेत आली. चित्रं कोउजी ओगाता यांची. पुढे याची वीसहून जास्त पुस्तकं झाली.

गोष्ट एका शाळेतली. मुलींमध्ये अफवा असते की बूगीपॉप नावाचा एक मृत्युदूत आहे, माणूस सर्वांत सुंदर असतो त्या क्षणी तो त्याला नेतो. खरा बूगीपॉप मात्र तोका मियाशिता नावाच्या साध्या मुलीच्या आतून अधूनमधून वर येतो. जगावर संकट आलं की आपोआप येतो, काम झालं की जातो, आणि तोकाला यातलं काही आठवत नाही. उंच नळकांडी टोपी, काळा झगा, काळे ओठ. येताना शीळ वाजवतो ती वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या 'मायस्टरसिंगर' ऑपेराची! (भुताटकीला इतकं खणखणीत, उत्सवी संगीत कोणाला सुचतं?)

पहिल्या भागातलं संकट म्हणजे मँटिकोर. प्रयोगशाळेतून निसटलेली, माणसं खाणारी, कोणाचंही रूप घेणारी. ती एका हुशार विद्यार्थिनीला मारून तिच्या जागी वर्गात बसते. साओतोमे नावाचा एक साधा, चारचौघांसारखा मुलगा तिला स्वखुशीने मदत करायला लागतो, आणि दोघं मिळून औषध देऊन मुलींना आपल्या कह्यात आणू पाहतात. गायब झालेल्या मुली घरातून पळून गेल्या असतील असं मोठी माणसं गृहीत धरतात, त्यामुळे शोध असा कोणी घेतच नाही.

हे सगळं मी ताईला सांगू शकते. भाचीने याहून जास्त रक्त मोबाइलवर पाहिलेलं असणार. मला तर यातला सर्वांत आवडलेला भाग ताकेदाचा वाटला. तो तोकाचा मित्र. प्रवेश परीक्षा न देता सरळ नोकरी करायची ठरवलेला, त्यामुळे परीक्षेच्या घाईत असलेल्या वर्गात एकटा पडलेला. तो शाळेच्या गच्चीवर बूगीपॉपशी गप्पा मारत बसतो. हा भाग भाचीने वाचावाच असं मला वाटतं.

अडचण आहे ती दुसऱ्या गोष्टीची, 'व्हर्सस इमॅजिनेटर'. त्यात आसुकाई नावाचा एक तरुण चित्रकार आहे, तो परीक्षेच्या क्लासमध्ये मुलांचा समुपदेशक म्हणून काम करतो. त्याला प्रत्येकाच्या छातीपाशी एक रोप दिसतं. कोणाला मुळं नाहीत, कोणाला पानं नाहीत, कोणाला फूल नाही. पूर्ण रोप कोणाचंच नाही. आणि मग तो ती उणीव दुरुस्त करायला लागतो.

भाची रोज सकाळी सातला क्लासला जाते आणि रात्री आठला घरी येते. तिच्या क्लासमध्येही एक समुपदेशक बसतात. आता माझा प्रश्न: हे तिला आत्ता वाचायला द्यावं, की बारावी होऊ द्यावी? पूर्ण वाचलेल्यांनी पुढे काय होतं ते मोकळेपणाने सांगा, कथा फुटली तरी चालेल. शिवाय पुस्तकांचा क्रम कसा लावायचा आणि मालिका सोबत दाखवावी का, तेही सांगा.

— शेवंता

---

रात्रपाळी: द्या की. माणसं खाणारी बाई चालते आणि क्लासचा समुपदेशक चालत नाही, हे वाचून मजा वाटली. 🙂

शेवंता: @रात्रपाळी, हसू नका. मँटिकोर तिला रस्त्यात भेटणार नाही.

निळी_शाई: मी जपानी शिकत असताना पहिलं पुस्तक वाचलं, 'इमॅजिनेटर' नंतर इंग्रजीतून. तुमची भीती कळते, पण मला वाटतं ती उलट्या बाजूला लागली आहे.

या गोष्टीत मनाचा ताबा घेणारे दोघं आहेत. एक स्पूकी ई. तोवा ऑर्गनायझेशन या गुप्त संस्थेचा माणूस, हातातून विजेचा प्रवाह सोडून लोकांच्या डोक्यात हवं ते भरतो आणि त्यांना कळसूत्री बाहुल्यांसारखं फिरवतो. ओंगळ, हिंसक, पाहताच किळस यावी असा. त्याच्यापासून सावध राहा हे कोणाला सांगावं लागत नाही. दुसरा तुमचा आसुकाई. तो कोणावर ओरडत नाही, धमकी देत नाही. मुलं आपणहून त्याच्याकडे जातात कारण त्यांना काहीतरी टोचत असतं, आणि तो ते टोचणं खरंच थांबवतो. त्याचा हेतूही वाईट नाही, त्याला मनापासून वाटतं की लोकांचं दुःख संपावं. फक्त टोचणं गेलं की त्या माणसातलं आणखीही काही गेलेलं असतं. कादोनोने पुस्तकातला खरा धोका या दुसऱ्याकडे ठेवलाय, विजेच्या धक्क्याकडे नाही.

सकाळी सात ते रात्री आठ क्लासमध्ये असणाऱ्या मुलीला हे बारावीनंतरच का कळावं? क्लास संपल्यावर त्याचा उपयोग काय?

शेवंता: @निळी_शाई, हे पटतंय. पण समजा तिने उलटं वाचलं तर? म्हणजे 'माझंही टोचणं कोणी काढलं तर बरं' असं?

निळी_शाई: तसं काही पानं वाटेलही. मलाही वाटलं होतं. लेखक आसुकाईला मुद्दाम पटण्यासारखा लिहितो, नाहीतर गोष्टच उभी राहत नाही.

घाटमाथा: मी थोडा वेगळा सूर लावतो. दोन्ही गोष्टी वाचल्यात आणि मला मुलगी आहे, चौदा वर्षांची.

आसुकाईचं राहू द्या, तुमच्या ताईंना दोन गोष्टी मात्र आधी सांगायला हव्यात. पहिली, ज्या मुलीच्या उडीबद्दल त्यांनी वाचलं ती सुइको मिनाहोशी. तिचा मृत्यू हा फक्त सुरुवातीचा धक्का नाही. ती 'इमॅजिनेटर' आहे, जग बदलू पाहणारी, आणि मेल्यावरही गोष्टीवर तिचीच सावली आहे. आसुकाईला या वाटेवर आणणारीही तीच. शांत, हसरी, सगळं कळलेलं असावं तशी. लेखक तिची बाजू घेत नाही, बूगीपॉप तिच्या विरोधातच उभा आहे, पण ती आकर्षक आहे हे नाकारता येत नाही. घरात किंवा मैत्रिणींमध्ये अशी एखादी घटना घडलेली असेल, तर मी आत्ता देणार नाही. नसेल तर हरकत नाही, पण देताना आधी सांगून ठेवा, तिला ते अचानक समोर येऊ नये.

दुसरी गोष्ट आया ओरिहाताची, आणि ती वर कोणीच काढली नाही. ती तोवाने बनवलेली कृत्रिम मुलगी. तिने मुलांशी शरीरसंबंध ठेवायचे, म्हणजे तिला माणसापासून मूल होतं का ते पाहता येईल, असा तिला आदेश आहे. दृश्यं उघडी नाहीत, पण अर्थ पूर्ण स्पष्ट आहे. मासाकी तानिगुची नावाचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो आणि तिच्या सांगण्यावरून बूगीपॉपचा वेष घेऊन रात्री हिंडायला लागतो. माझ्या मते अख्ख्या गोष्टीतला सर्वांत हळवा आणि सर्वांत चांगला भाग या दोघांचा आहे. स्वतःला निव्वळ वापरायची वस्तू समजणारी मुलगी आणि तिला तसं न समजणारा मुलगा. पण ताईंना तो नेटवरच्या चार ओळींतून कळला, तर पुस्तक घरात शिरणार नाही. तुमच्याकडून कळू द्या.

मी माझ्या मुलीला पहिलं पुस्तक दिलं. दुसरं अजून दोन वर्षांनी.

शेवंता: @घाटमाथा, आयाचं मला माहीतच नव्हतं, तिथपर्यंत पोचलेच नाही. आज रात्री पोचते. सोळाची आहे आमची, चौदा नाही, पण तुमचा मुद्दा घेतला.

टोपीवाला: अवांतर: स्पूकी ई म्हणजे 'स्पूकी इलेक्ट्रिक', हे नाव प्रिन्स या अमेरिकन गायकाच्या गाण्यांतून आलंय. शेवट ज्या अर्धवट बांधलेल्या उद्यानात होतो ते 'पेस्ली पार्क'सुद्धा त्याचंच. 'जोजो'ची जपानी कॉमिक्स वाचणाऱ्यांना गाण्यांवरून नावं ठेवायची ही सवय ओळखीची वाटेल. कादोनोने पुढे 'जोजो'वर एक कादंबरीही लिहिली.

रात्रपाळी: म्हणजे वाग्नर आणि प्रिन्स एकाच पुस्तकात. ताईंना हे आधी सांगा, सांस्कृतिक वाचन म्हणून खपेल.

ग्रंथपाल_नसलेली: क्रमाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

प्रकाशनाचा क्रम धरा, घटनांचा नको. पहिल्या पुस्तकातच पाच प्रकरणं वेगवेगळ्या जणांच्या नजरेतून आहेत आणि काळ मागेपुढे उड्या मारतो. कोणालाच पूर्ण गोष्ट माहीत नसते, ती वाचणारा जोडतो. पुढच्या पुस्तकांतही तेच आहे, त्यामुळे घटना सरळ रांगेत लावायला गेलात की गंमत जाते. 'बूगीपॉप अ‍ॅट डॉन' हे सहावं पुस्तक आधीच्या काळातलं आहे, त्यात नागी किरिमा, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून अशा संकटांशी लढणारी मुलगी, अशी कशी झाली ते येतं. काही जण सांगतात ते आधी वाचा. ऐकू नका. नागी कोण हे ठाऊक नसताना तिचं लहानपण वाचून काय मिळणार?

इंग्रजीत सेव्हन सीज या प्रकाशनाने २००६ पासून सुटी पुस्तकं काढली होती, नंतर पहिली सहा दोन जाड खंडांत एकत्र केली. इथे तुमची अडचण होईल: पहिल्या खंडात पहिलं पुस्तक आणि 'इमॅजिनेटर'चे दोन्ही भाग एकत्रच आहेत. पहिलं आत्ता आणि दुसरं नंतर, असं करायचं असेल तर सुटी जुनी प्रत किंवा ई-बुक शोधा. सोळा वर्षांच्या मुलीला खंड देऊन 'एकतृतीयांश वाच आणि थांब' म्हणाल, तर ती शेवटापासून वाचेल.

शेवंता: @ग्रंथपाल_नसलेली, माझ्याकडे तोच जाड खंड आहे. 😐

निळी_शाई: मग निर्णय झाला म्हणायचा.

घाटमाथा: 😀 खंड असेल तर मग तुम्ही पुढे राहा, ती मागून येऊ दे. दोघींनी एकाच वेळी वाचायला घ्या, तुम्ही एक प्रकरण पुढे. मी तेच केलं असतं.

डबिंग_नको: मालिकेबद्दल. २०१९ची, दिग्दर्शक शिंगो नात्सुमे, स्टुडिओ मॅडहाउस, एकूण १८ भाग. १ ते ३ पहिलं पुस्तक, ४ ते ९ 'इमॅजिनेटर', १० ते १३ 'अ‍ॅट डॉन', उरलेले 'किंग ऑफ डिस्टॉर्शन'. पहिलं पुस्तक तीन भागांत कोंबल्यामुळे नवख्याला कोण कोण आहे तेच कळत नाही. भाचीने पुस्तक मागितलं ते बहुतेक त्यामुळेच. 'इमॅजिनेटर'ला सहा भाग मिळालेत, तिथे श्वास घ्यायला जागा आहे. पुस्तकाचा तो टप्पा झाल्यावर बघा, आधी नको.

'बूगीपॉप फँटम' ही २०००ची, त्याच स्टुडिओची, पण वेगळी चीज आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी जे घडतं त्याचे शहरावर झालेले परिणाम त्यात आहेत, गोष्ट बरीचशी नवीन. रंग जवळजवळ काढून टाकलेले, तपकिरी, धुरकट. भीती वाटावी अशी ती आहे, २०१९ची नाही. भाचीला ही सध्या दाखवू नका, तुम्ही मात्र जरूर बघा, पण पुस्तक संपल्यावरच, नाहीतर काही कळणार नाही.

शेवंता: सगळ्यांचे आभार. आयाच्या भागापर्यंत वाचून झालं. घाटमाथा म्हणतात तसंच आहे, आणि मासाकी मला फार आवडला.

ताईला काल फोनवर सगळं सांगितलं, उडी, आया, आसुकाई, काही लपवलं नाही. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या समुपदेशकाचं आधी मला वाचू दे." ताईने शेवटचं पुस्तक कधी वाचलं ते मला आठवत नाही. तेव्हा खंड आता ताईकडे जाणार आणि भाचीसाठी पहिल्या पुस्तकाचं ई-बुक. सुटं ई-बुक नेमकं कुठे मिळतं ते कोणाला माहीत असेल तर दुवा द्या. आणि @डबिंग_नको, ४ ते ९ भाग सबटायटलसह भारतात कुठे दिसतात?

डबिंग_नको: क्रंचीरोल या अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या साइटवर शोधा. आणि ताईंना सांगा, आसुकाई मालिकेत दिसायला फार देखणा काढलाय. पुस्तकच आधी वाचा म्हणावं.