मदत हवी आहे: सॅप डेटा सर्व्हिसेसचे (एका सिस्टिममधून दुसरीकडे डेटा नेणारं टूल) जॉब हिरवे, पण नव्या ऑर्डरी येत नाहीत

वेर्णा_रात्रपाळी: शनिवारी अपग्रेड झालं. जॉब नव्या सर्व्हरवर नेले, सगळे हिरवे. पण विक्रीच्या डेटा वेअरहाऊसमध्ये (रिपोर्टसाठीचा डेटाबेस) नवी एकही ऑर्डर नाही. एरर नाही, ट्रेस लॉगमध्ये काही नाही. उद्या सकाळी रिपोर्ट द्यायचाय. रीस्टार्ट केलंय, ते सांगू नका.

पाटोपूल: अपग्रेड कशाचं? फक्त डेटा सर्व्हिसेसचं की मागच्या ईआरपीचंही (जिथे ऑर्डरी नोंदवता ती सिस्टिम)? आवृत्ती कोणती होती, कोणती झाली? जॉब कसे नेले?

वेर्णा_रात्रपाळी: ४.२ वरून ४.३. एटीएल फाइलने (जॉबची एक्स्पोर्ट फाइल). डेटास्टोअरचे (सिस्टिमशी जोडणाऱ्या कनेक्शनचे) पासवर्ड रिकामे आले होते, ते भरले.

कुळागर: एक्स्पोर्ट करताना जो पासफ्रेज दिला तोच इम्पोर्टला दिला नाही की पासवर्ड रिकामेच येणार. शिवाय एटीएलमध्ये शेड्यूल येत नाहीत, सब्स्टिट्यूशन पॅरामीटरही (सर्व्हरप्रमाणे बदलणारी सेटिंग) वेगळे काढावे लागतात. एवढा खटाटोप कशाला? जुन्या रिपॉझिटरीच्या (जॉब जिथे साठवलेले असतात) डेटाबेसची कॉपी घ्या, रिपॉझिटरी मॅनेजरमध्ये अपग्रेड दाबा, काम संपलं. क्रिएट चुकूनही दाबू नका, आहे ते सगळं पुसलं जातं.

सांतिनेज: कॉपी घेतली की दहा वर्षांचा कचराही सोबत येतो. सेंट्रल रिपॉझिटरी (सगळ्यांची सामायिक) ठेवा, लेबल लावा, हवं तेवढंच नव्या लोकलमध्ये उतरवा.

कुळागर: सेंट्रल आणि लोकलची आवृत्ती एकच लागते. म्हणजे आधी सेंट्रल अपग्रेड करा. तिथे काय वाचलं?

पाटोपूल: तुमचं भांडण चालू द्या. ईआरपीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही.

वेर्णा_रात्रपाळी: हो, ईसीसीचं (सॅपचं जुनं ईआरपी) एस/४ हाना (नवं ईआरपी) त्याच दिवशी झालं. पण कनेक्शन व्यवस्थित चालतंय, त्याचा काय संबंध?

पाटोपूल: सगळा संबंध तिथेच आहे. जॉबमध्ये व्हीबीएकेचा (ऑर्डरचं मुख्य टेबल) व्हीबीयूकेशी (स्टेटसचं जुनं टेबल) इनर जॉइन आहे ना, म्हणजे दोन्हीकडे असेल तीच ओळ घेणारा? एस/४ मध्ये ऑर्डरचं स्टेटस व्हीबीएकेमध्येच आलं, ओळींचं व्हीबीएपीमध्ये. डिलिव्हरीचं एलआयकेपी आणि एलआयपीएसमध्ये. व्हीबीयूके आणि व्हीबीयूपी (ओळींच्या स्टेटसचं जुनं टेबल) सॅपच्या डिक्शनरीत, म्हणजे टेबलांच्या यादीत, आहेत म्हणून एरर येत नाही, पण नवे दस्तऐवज तिथे लिहिलेच जात नाहीत. मग जॉइनला जोडी मिळत नाही, ओळ गळते आणि जॉब हिरवा राहतो. डेटास्टोअरमध्ये व्हीबीएके, व्हीबीएपीवर राइट क्लिक करून रीइम्पोर्ट करा, जीबीएसटीके (ऑर्डरचं एकूण स्टेटस) व्हीबीएकेमधून घ्या, जुना जॉइन काढा.

सवलत केओएनव्हीमधून (किंमत-सवलतीचं जुनं टेबल) घेत असाल तर तिथेही हेच होणार. आता पीआरसीडी_एलिमेंट्स वाचायचं, जॉइन केएनयूएमव्ही या नंबरावरच राहील. एमकेपीएफ, एमएसईजी (मालाच्या आवक-जावकीची जुनी टेबलं) मात्र वाचता येतात, कारण मॅटडॉक या नव्या टेबलावरून व्ह्यू दिलाय. मोठ्या लोडला तो रखडतो, तेव्हा थेट मॅटडॉक घ्या.

सांतिनेज: मटेरियल नंबर १८ वरून ४० झालाय, एलपॅडमध्ये (डावीकडे शून्यं भरणारं फंक्शन) १८ च्या जागी ४० घाला.

पाटोपूल: तसं अजिबात करू नका! फील्ड ४० चं झालं, तरी निव्वळ आकडी नंबराला शून्यं १८ पर्यंतच लागतात. ४० केलंत तर एकही जॉइन जुळणार नाही.

म्हापसा_अकाउंट्स: टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि ई दाबून एक्सेल निवडा, समोरचा रिपोर्ट निघतो.

सांतिनेज: भाऊ, धागा चुकलात.

खाजें: चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात कटओव्हर, नव्या सिस्टिमवर जाणं, कुणी ठेवलं रे? लोकं माटोळी (गणपतीवरची फळांची सजावट) बांधायला घरी पोचली असतील.

वेर्णा_रात्रपाळी: हेड ऑफिस जर्मनीत, त्यांना कसली चवथ. असो. व्हीबीयूके काढलं, रीइम्पोर्ट केलं, जॉब चालवला. आकडा तस्साच, शून्य!

पाटोपूल: हे आधी सांगायचं ना, एबॅप डेटाफ्लो (सॅपच्या आतच प्रोग्रॅम चालवून डेटा काढणारा) आहे का? डेटास्टोअरमध्ये एबॅप एक्झिक्यूशन ऑप्शन काय आहे ते बघा. 'एक्झिक्यूट प्रीलोडेड' असेल तर डिझायनरमध्ये काहीही बदला, चालतो तो सॅपमध्ये आधी चढवलेला जुना प्रोग्रॅम. डेव्हमध्ये (डेव्हलपमेंट सिस्टिम) नव्याने तयार करा आणि ट्रान्सपोर्टने प्रॉडक्शनला पाठवा. प्रॉडक्शनवर 'जनरेट अँड एक्झिक्यूट' लावायच्या फंदात पडू नका, बेसिसवाले (सॅपचे अ‍ॅडमिन) परवानगी देणार नाहीत आणि देऊही नये.

वेर्णा_रात्रपाळी: प्रीलोडेडच होतं. ट्रान्सपोर्ट गेला. आजच्या ऑर्डरी आल्या, पण शनिवारच्या नाहीत.

पाटोपूल: डेल्टाची (फक्त नवं-बदललेलं आणणाऱ्या लोडची) शेवटची तारीख कंट्रोल टेबलात असेल. जॉब हिरवा संपला म्हणून ती पुढे सरकली, ओळी शून्य असल्या तरी. ती कटओव्हरच्या आदल्या दिवसावर आणा आणि टार्गेटला ऑटो करेक्ट लोड (ओळ आधीच असेल तर दुसरी न घालणारा पर्याय) लावून पुन्हा चालवा, नाहीतर आजच्या दुप्पट होतील. मग ईआरडीएटीप्रमाणे (ऑर्डर तयार झाल्याची तारीख) रोजची संख्या आणि एनईटीडब्ल्यूआरची (निव्वळ रक्कम) बेरीज दोन्हीकडे ताडून बघा. बेरीज करन्सीनुसार वेगवेगळी करा.

कुळागर: आणि जुन्या सर्व्हरवरची शेड्यूल बंद केलीत का? ती चालू राहिली तर तोही याच टेबलात लिहीत बसेल.

वेर्णा_रात्रपाळी: बघतो. देव बरें करूं.

कुळागर: तरी पुढच्या वेळी डेटाबेसची कॉपीच घ्या.