सॉलिड-स्टेट लेसर : स्थायू, घन की आणखी काही?

अर्धविराम : लष्करी लेसरांवरचा एक लेख मराठीत आणतेय. पहिल्याच वाक्यात ‘हाय-पॉवर सॉलिड-स्टेट लेसर’. मी ‘उच्चशक्ती स्थायू लेसर’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘ठोस अवस्थेतील लेसर’ केलं. मराठीत पुरावा ठोस असतो, फार तर आश्वासन. तुम्ही काय लिहाल?

उलटसुलट : ठोस हिंदीतून आलंय, द्या परत पाठवून. ‘घन-अवस्था लेसर’ लिहा. आम्ही घन, द्रव, वायू असंच शिकलो. स्थायू हे वायूशी यमक जुळावं म्हणून कुणीतरी पाडलेलं पिल्लू.

मेघना : यमक जुळलं तर बिघडलं कुठे? ‘घन’ म्हणजे ढग, ‘घन’ म्हणजे तिसरा घात, ‘घन’ म्हणजे दाट. स्थायूला दुसरा अर्थच नाही. पारिभाषिक शब्दाला आणखी काय हवं?

तारायंत्र : आधी वस्तू काय आहे ते बघू या का? अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मायमनने १९६० साली पहिला लेसर चालवला तो माणकाच्या कांडीतून. म्हणजे जगातला पहिला लेसर स्थायूच. वायूचे आणि रसायनांचे नंतर आले. अमेरिकेने बोइंग ७४७ च्या नाकात बसवलेला लेसर ऑक्सिजन-आयोडीनवर चालायचा. २०१० मध्ये त्याने उडतं क्षेपणास्त्र पाडलंही, पण पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला. विमानात रसायनांच्या टाक्या वाहायच्या आणि टाक्या रित्या झाल्या की परत फिरायचं, हे कुणाला परवडणार? त्यामुळे लष्करी लेखात ‘सॉलिड-स्टेट’ म्हटलं की रोख बहुतेक वेळा ‘रसायनांवरचा नव्हे, विजेवरचा’ असा असतो. वीज आहे तोवर दारूगोळा संपत नाही, हे त्याचं खरं आकर्षण.

उलटसुलट : मग सरळ ‘विद्युत लेसर’ म्हणा. डायोड, म्हणजे अर्धवाहकाचा लेसरही त्यातच आला, तोही विजेवरचा आणि घनच.

तारायंत्र : तिथेच तर गोम आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडी सॉलिड-स्टेट म्हणजे अर्धवाहक, जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या नकोत. लेसरवाले मात्र नेमका अर्धवाहकच वगळतात. त्यांचा सॉलिड-स्टेट म्हणजे निओडिमियम किंवा यिटर्बियम हा धातू किंचित मिसळलेला स्फटिक नाहीतर काच. डायोड बिचारे बाहेरून त्यात प्रकाश भरायला. स्थायू घ्या नाहीतर घन, हा भेद दोन्हींत उतरत नाही.

जुना_मास्तर : ‘किंचित मिसळलेला’ कशाला? भेसळ म्हणा की.

मेघना : मास्तर, भेसळीत लबाडी असते.

जुना_मास्तर : इंग्रजीत डोपिंग म्हणतात, त्यात नसते वाटतं?

अर्धविराम : पुढे ‘स्लॅब’ही आहे. २००९ मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमन या अमेरिकी शस्त्रकंपनीने १०० किलोवॅटचा टप्पा ओलांडला तो स्लॅब-लेसरांच्या सात साखळ्यांचे किरण एकत्र करून. ‘स्लॅबच्या सात साखळ्या’ लिहिलं तर वाचकाला सात मजले दिसतील.

जुना_मास्तर : ‘लादी’.

तारायंत्र : लादी झकास. आकारामागचं कारणही लेखात घ्या, तेच तर या सगळ्या खटाटोपाचं मर्म आहे. कांडी मधोमध तापते आणि कडेने थंड राहते. तापमानाच्या या फरकाने कांडीचंच भिंग होतं आणि शलाका बिघडते. लादी पातळ, तिच्या दोन्ही सपाट अंगांवरून उष्णता काढून घेता येते. तंतू, म्हणजे प्रकाश वाहणारा काचेचा धागा, त्याहून बरा, लांब आणि बारीक असल्याने उष्णतेला बाहेर पडायला अंग भरपूर. १०० किलोवॅट प्रकाश हवा असेल तर तिप्पट-चौपट वीज धरून चाला. उरलेली सगळी उष्णता. लेसर बनवणं म्हणजे निम्मं काम ही उष्णता कुठे घालवायची याचंच. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेने तर काही क्षण तापू द्यायचा आणि मग थांबवून निववायचा असा लेसर केला होता, ६७ किलोवॅटचा.

उलटसुलट : ‘निववायचा’ आवडलं. मात्र ‘तंतू’ नको. पत्रा कापणाऱ्या कारखान्यात जाऊन विचारा, सगळे ‘फायबर’च म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या पॉन्स जहाजावर जो ३० किलोवॅटचा लेसर बसवला, तोही सहा वेल्डिंगच्या फायबर लेसरांचे झोत एका लक्ष्यावर आणून. वेल्डरच्या हातचं यंत्र आणि नाव द्यायला संस्कृत पंडित?

मेघना : मघाशी ठोस परत पाठवत होतात, आता फायबरला पायघड्या!

उलटसुलट : ठोस कुणी बोलत नाही, फायबर बोलतात. एवढाच नियम.

बातमीवाला : माझं अडलं ते क्रियापदापाशी. १३ एप्रिल २०२५ ला डीआरडीओने कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवलं. मी ‘लेसर डागला’ लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, गोळा कुठेय? शेवटी ‘लेसरचा मारा केला’ छापलं. पण मारा म्हणजे एकामागून एक. इथे तर एकाच ठिकाणी काही सेकंद रोखून धरायचं, पंखाचं कवच मऊ होऊन फाटेपर्यंत.

जुना_मास्तर : डागणं एकदम बरोबर होतं! वैदू तापल्या सळईने डाग देतो तेच. तोफेच्या कानाला बत्ती लावायची म्हणून तोफ डागायची, गोळा नंतरचा. मूळ संस्कृत ‘दग्ध’.

मेघना : फारसी ‘दाग’.

जुना_मास्तर : फारसीचा आणि संस्कृतचा पणजोबा एकच.

मेघना : मग त्या पणजोबाचंच नाव घ्या ना, एकाच नातवाचं कशाला?

अर्धविराम : आणि शीर्षकात? अस्त्र की शस्त्र?

उलटसुलट : हातात धरतात ते शस्त्र, फेकतात ते अस्त्र. लेसर फेकतात.

बातमीवाला : फेकत काहीच नाही, प्रकाश जातो.

तारायंत्र : बाणही एकदा सुटला की धनुष्यात राहत नाही. अस्त्र. मला खरी अडचण वाटते ती ‘डॅझलर’ची, म्हणजे झगझगीत प्रकाशाने समोरच्याला काही वेळ दिसेनासं करणाऱ्या लेसरची. कायमचं अंधत्व आणण्यासाठीच बनवलेल्या लेसरांवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे, तात्पुरते डोळे निकामी करणाऱ्यांवर नाही. हा फरक शब्दात दिसायला हवा.

मेघना : ‘दिपवणारा लेसर’. दिपलेले डोळे परत येतात, गेलेले येत नाहीत.

उलटसुलट : दागिन्यांनीही डोळे दिपतात हो. लष्करी लेखात शोभेल का?

जुना_मास्तर : ‘दीपक’ लेसर करा मग.

मेघना : मास्तर, दीपक म्हणजे दिवा. आणि आमच्या कार्यालयात तीन आहेत.